ठेक्यावरचे शब्द

१९७५ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात एक गाणे तयार झाले. 'फ्लाय, रॉबिन, फ्लाय' हे त्याचे नाव, आणि 'सिल्व्हर कन्व्हेन्शन' हा गाणारा चमू. अख्ख्या गाण्यात वेगवेगळे शब्द मोजून सहा. तेच आलटूनपालटून येतात, मध्ये व्हायोलिनांचा ताफा उसळतो आणि खाली ड्रमचा ठोका एकसारखा पडत राहतो. वर्ष संपता संपता हे गाणे अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढे त्याला ग्रॅमी मिळाले ते वाद्यसंगीताच्या विभागात. त्या सहा शब्दांना जणू कोणी गायन म्हणून धरलेच नाही. मूळ बेतात तर रॉबिन पक्षीही नव्हता, ससा होता. सशावरचे दुसरेच एक गाणे रेडिओवर कानी पडले, म्हणून ऐनवेळी ससा काढून पक्षी घातला. गाण्याचे काही बिघडले नाही.

एवढ्यावरून निकाल द्यायचा तर तो सोपा आहे: नाचाच्या गाण्याला शब्द लागतच नाहीत. पण ते सहा शब्द लिहिणारा माणूस कोण होता? मिखाएल कुंझे. कायदा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकलेला. सन १६०० मध्ये बव्हेरियातल्या एका गरीब कुटुंबावर चेटकाचा आरोप ठेवून त्यांना हाल हाल करून मारले गेले. त्या खटल्याची कागदपत्रे धुंडाळून कुंझेने एक जाडजूड इतिहासग्रंथ लिहिला. १९९२ साली व्हिएन्नात रंगमंचावर आलेली 'एलिझाबेथ' ही संगीतिका त्याचीच, आणि तिचा संगीतकार सिल्व्हेस्टर लेव्हाय हाच 'रॉबिन'चाही संगीतकार. म्हणजे शब्द सुचत नव्हते म्हणून याने सहावर भागवले, असे म्हणायला जागा नाही. या गाण्याला सहा पुरेत, सातवा आड येईल, हे त्याला कळले होते.

नाचाच्या गाण्यात शब्दांना अर्थ हवा की नको, हा वाद काही समीक्षकांपुरता नाही. हळदीच्या मांडवात तो दर वर्षी होतो. स्पीकरवर गाणे लागते, पोरे नाचू लागतात आणि खुर्चीवर बसलेले कोणी मामा म्हणतात, "काय ते शब्द, ना आगा ना पिछा." त्यावर नाचता नाचता उत्तर येते, "शब्द कोण ऐकतंय!" या लेखसंग्रहाचा विषय हाच वाद आहे. मामा आणि भाचा दोघेही घाईत बोलतात, आणि दोघांच्याही बोलण्यात अर्धे खरे आहे, असे पुढचे लेख वाचताना जाणवेल.

मामांचा कान लावणीवर तयार झालेला असतो, हे आधी समजून घ्यायला हवे. लावणी हे नाचाचेच गाणे. पण तिथे नाचणारी वेगळी आणि ऐकणारे वेगळे. बैठकीच्या लावणीत तर गायिका बसूनच गाते. हात, डोळे, मान आणि पदर यांवर सगळा नाच पेललेला असतो. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिच्यातून नवा भाव काढते: आधी लटका राग, मग आर्जव, मग टोमणा. यमुनाबाई वाईकरांची अदाकारी ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे की एका शब्दाची किती दारे उघडता येतात. समोर बसलेल्यांचे काम दाद देण्याचे. अशा नाचाला शब्द भरीवच लागतात, कारण नाच त्या शब्दांवरचे भाष्य असतो. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम या शाहिरांपासून 'पिंजरा'च्या (१९७२) लावण्या लिहिणाऱ्या जगदीश खेबुडकरांपर्यंत आणि 'नटरंग'च्या (२०१०) गुरू ठाकूरपर्यंत लावणीला कवी लागत आला तो यामुळे.

डिस्कोच्या फरशीवर ही मांडणी उलटली. तिथे ऐकणाराच नाचतो. अर्थ उलगडून दाखवणारी कोणी समोर नसते, दाद द्यायला कोणी बसलेले नसते, आणि आवाज एवढा असतो की वाक्य पुरे ऐकू येईपर्यंत पुढचा ठेका अंगात शिरलेला असतो. शब्दाने उलगडून सांगायचे असते ते काम मागे पडते. त्याच्या वाट्याला दुसरे काम येते: नाचणाऱ्याच्या तोंडात बसायचे, त्याच्या श्वासाबरोबर बाहेर पडायचे. लावणीचे माप डिस्कोला लावले की गाणे फालतू ठरते, आणि डिस्कोचे माप लावणीला लावले की लावणी संथ वाटते. वादातली निम्मी धूळ या अदलाबदलीने उडालेली आहे.

उरलेली निम्मी मात्र खरी आहे, आणि तिच्यासाठी ग्लोरिया गेनरच्या 'आय विल सर्व्हाइव्ह'कडे यावे लागते.

हे गाणे फ्रेडी पेरेन आणि डिनो फेकारिस यांनी लिहिले. फेकारिसची मोटाऊन कंपनीतली गीतकाराची नोकरी गेली होती आणि आता आपले कसे होणार, या घालमेलीतून गाण्याचा मूळ विचार आला. १९७८ मध्ये गेनर कार्यक्रमात मंचावर पडली होती, पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली होती. पाठीला आधाराचा पट्टा बांधूनच ती ध्वनिमुद्रणाला उभी राहिली. कंपनीला या गाण्यात विशेष काही दिसले नाही. 'सबस्टिट्यूट' नावाच्या दुसऱ्या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूवर ते ढकलले गेले. न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४' या क्लबात रिची काझोर या डीजेने तबकडी उलटी करून लावली. लोक नाचू लागले, पुन्हा लावा म्हणू लागले. मार्च १९७९ मध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ग्रॅमीत डिस्कोसाठी वेगळे पारितोषिक एकदाच दिले गेले, १९८० साली, आणि ते या गाण्याला.

आता याचे शब्द पाहावेत. सहा नाहीत, कडव्यांमागून कडवी आहेत. सोडून गेलेला माणूस परत दारात येतो आणि बाई त्याला सुरुवातीपासूनची सगळी हकिकत ऐकवून वाटेला लावते. आधीची भीती, रडलेल्या रात्री, मग हळूहळू सरळ झालेली मान, असे क्रमाने सांगितलेले. चक्क एक कथाकाव्य, आणि तेही ठेक्यावर. एड्सच्या साथीत ज्यांची माणसे एकामागून एक गेली त्या समलिंगी समाजाने हे गाणे आपले म्हणून धरून ठेवले. घटस्फोटातून, आजारातून उठलेल्या किती जणींनी ते आपल्यासाठी लावले असेल. त्यांच्यापुढे जाऊन 'नाचताना शब्द कोण ऐकतो' असे म्हणायची हिंमत करू नये. ऐकले जातात. फक्त पहिल्या रात्री नाही. पाय आधी शिकतात, ओठ मागून शिकतात, आणि एखाद्या वाईट सकाळी ती ओळ आपणहून आठवते तेव्हा तिचा अर्थ लागतो. कवितेला माणूस शांत बसून भेटतो. नाचाचे गाणे आधी अंगात मुरते आणि अर्थ त्याच्यामागून येतो. या उशिरा पोचणाऱ्या अर्थाची नीट दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही.

याच गाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९८ चा फुटबॉल विश्वचषक फ्रान्सने जिंकला तेव्हा सगळा देश 'आय विल सर्व्हाइव्ह'च गात होता. हर्मीस हाउस बँड या डच चमूने केलेली आवृत्ती. पण फ्रेंच गर्दी गात होती तो त्यातला नुसता 'ला ला ला'चा भाग. डिस्कोतले सर्वांत बोलके गाणे मैदानात जाऊन निःशब्द झाले आणि तरीही लाखोंच्या गळ्यात मावले. अर्थ असलेले गाणे अर्थाशिवायही चालते. ते त्याचे सामर्थ्यच म्हणायला हवे.

नाइल रॉजर्स हा या विषयातला खरा जाणकार. बर्नार्ड एडवर्ड्सबरोबर 'शीक' हा चमू चालवताना त्याने एक नियम पाळला: गाणे कितीही हलके वाटो, त्याच्या पोटात खोल दडलेला अर्थ हवा. नाचणाऱ्याला तो कळलाच पाहिजे असे नाही, पण लिहिणाऱ्याला माहीत हवा. 'ल फ्रीक' वरवर एका नव्या नाचाचे आमंत्रण आहे. प्रत्यक्षात १९७७ च्या शेवटच्या रात्री गायिका ग्रेस जोन्सने बोलावूनही 'स्टुडिओ ५४'च्या दारावरच्या माणसाने या दोघांना आत सोडले नाही. चिडून घरी आल्यावर वाद्ये काढली आणि दारवानाला हासडलेल्या शिवीचे पुढे धृपद झाले. १९७९ चे 'गुड टाइम्स' ऐकताना वाटते की सगळे आबादीआबाद आहे. अमेरिकेत तेव्हा महागाई आणि बेकारी होती, आणि रॉजर्सने गाण्याचे शब्द मुद्दाम १९३० च्या दशकातल्या, महामंदीच्या काळातल्या आनंदगाण्यांवर बेतले होते. भुकेल्या लोकांनी पूर्वीही असेच नाचून दिवस काढले होते, याची ती आठवण.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 'गुड टाइम्स'च्या बास गिटारच्या चालीवर त्याच वर्षी शुगरहिल गँगचे 'रॅपर्स डिलाइट' उभे राहिले. शब्दांनी ओसंडणारे, रॅपला घराघरात नेणारे. आणि २००२ मध्ये स्पेनच्या लास केचप या बहिणींनी 'असेरेहे' गायले. त्यातला पोरगा क्लबात आपले लाडके 'रॅपर्स डिलाइट' लागले की इंग्रजी येत नसल्याने कानाला जसे ऐकू येते तसे बडबडतो, आणि ती बडबडच धृपद आहे. एकाच वंशात दडलेला अर्थ, शब्दांचा महापूर आणि शुद्ध निरर्थक, तिन्ही झाले. त्या निरर्थकातही सैतानाचा संदेश शोधणारे लोक निघालेच. माणसाला शब्द दिला की तो अर्थ लावल्याशिवाय राहत नाही.

गाणे भाषेची वेस ओलांडते तेव्हा काय होते, याची उदाहरणे तर सगळ्यांच्या ओळखीची. १९९६ मध्ये 'माकारेना' अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि त्या ऑगस्टात शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधी त्यावर हात हलवत होते. प्रियकर सैन्यात भरती होत असताना त्याच्याच मित्रांबरोबर रमणाऱ्या मुलीचे ते गाणे आहे, हे किती जणांना माहीत होते? १९८९ चे 'लांबाडा' हे बोलिव्हियाच्या लोस कार्कास या चमूच्या विरहगीतावरून उचललेले. रडत निघून गेलेल्या प्रेयसीचे दुःख जगभर कंबर हलवून साजरे झाले, आणि पुढच्याच वर्षी ती चाल हिंदी 'घायल'मध्येही पोचली. २०२० च्या टाळेबंदीत दवाखान्यांतल्या परिचारिका आणि मठांतल्या धर्मभगिनी ज्या 'जेरुसलेमा'वर नाचल्या, ते दक्षिण आफ्रिकेतल्या मास्टर केजीचे आणि नोमसेबो झिकोडेचे झुलू गाणे मुळात प्रार्थना आहे. झुलू न कळणाऱ्यांनाही त्यातली आर्तता कळली. 'माकारेना'चे शब्द हरवले तर काहीच हरवत नाही. 'जेरुसलेमा'तली प्रार्थना मात्र सुरातूनही झिरपते.

निरर्थक शब्दाचीही एक कारागिरी असते आणि तिचा आपल्याकडचा उस्ताद म्हणजे पुणतांब्याचे सी. रामचंद्र, रामचंद्र चितळकर. १९५७ च्या 'आशा'मधले 'ईना मीना डीका' असे जन्मले: बाहेर मुले खेळताना काहीतरी यमके बडबडत होती, ती चितळकरांनी उचलली, त्यांचे गोमंतकीय सहकारी जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणीतल्या 'मला नको'ची भर घातली, आणि राजेंद्र कृष्ण यांनी गाणे पुरे केले. त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवत, चिक चॉकलेट त्यांतलेच. रॉक अँड रोलचा ठेका त्यांच्या हातांतून हिंदी गाण्यात आला. त्या ठेक्याला हिंदीतली लांब क्रियापदे जड झाली असती. हवी होती टणक व्यंजने आणि उघडे स्वर. हेच चितळकर सहा वर्षांनी, २७ जानेवारी १९६३ ला, प्रदीप यांच्या 'ऐ मेरे वतन के लोगो'चे संगीतकार म्हणून देशापुढे आले. शब्द कुठे हवेत आणि कुठे नकोत हे ज्याला कळते त्यालाच दोन्ही साधते.

मराठीत तर ठेक्याला शोभणारे शब्द भाषेच्या अंगातच आहेत. ट, ठ, ड, ढ, झ, ळ. ढोलकीचे बोल आणि गावाकडचे क्रियाविशेषण यांच्यात फारसे अंतर नाही. 'सैराट'मधल्या (२०१६) 'झिंगाट'ला अजय-अतुल यांनी स्वतःच शब्द दिले, आणि तो एक शब्द महाराष्ट्राबाहेरही वरातीत पोचला. 'धडक'साठी (२०१८) अमिताभ भट्टाचार्य यांनी त्याचे हिंदी केले तरी धृपदातला तो मराठी शब्द त्यांनी हलवला नाही. हलवला असता तर गाणेच पडले असते. त्याआधी याच भट्टाचार्यांनी 'जत्रा'मधल्या (२००६) 'कोंबडी पळाली'च्या चालीवर 'अग्निपथ'साठी 'चिकनी चमेली' लिहिले होते. जितेंद्र जोशींच्या मराठी गाण्यातली कोंबडी हिंदीत कुठेच नाही. चाल, ठेका आणि उसळी तीच, शब्द मात्र संपूर्ण निराळे, आणि दोन्ही गाणी चालली. पण 'कोंबडी'त गावच्या जत्रेचा जो चेष्टेखोर वास आहे तो 'चमेली'त नाही. ठेका सीमेपार जातो, वास गावातच राहतो. ज्याला मराठी येते त्याला हा तोटा मोजता येतो, आणि तो मोजला पाहिजे.

डिस्कोला 'अर्थशून्य' म्हणणाऱ्यांनी एकदा काय केले, तेही इथे नोंदवायला हवे. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांमध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना होऊच शकला नाही. 'गुड टाइम्स' त्याच उन्हाळ्यातले. जळलेल्या ढिगात काळ्या गायकांच्या इतर संगीताच्याही तबकड्या होत्या. शब्द पोकळ आहेत ही तक्रार पुष्कळदा शब्दांबद्दल नसते. त्या शब्दांवर कोण नाचते, याबद्दल असते. आपल्याकडेही वस्तीतल्या मिरवणुकीतल्या गाण्याला नाक मुरडणारा माणूस तेच गाणे हॉटेलातल्या संगीत समारंभात लागले की उठून नाचतो.

आणि मग येतो १४ एप्रिल, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. नाचाच्या गाण्याला अर्थ पेलत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या संध्याकाळी नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, मुंबईतले चेंबूर, यांपैकी कुठेही उभे राहावे. डॉल्बी लागलेली असते, बेंजो पार्टी वाजत असते, निळा गुलाल उडत असतो, आणि पोरेपोरी ज्या गाण्यांवर नाचत असतात त्यांत राज्यघटना असते, महाडचे पाणी असते, शिक्षण असते, एका माणसाने कोट्यवधींची मान कशी वर केली त्याची हकिकत असते. हे शब्द जलशांतून आले, कव्वालीच्या सामन्यांतून आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी अशी हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव पायपीट करून ती गायली. २००४ मध्ये ते गेले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांच्या आवाजांनी ती कॅसेटवर नेली. आज कोणी पोरगा घरच्या संगणकावर त्यांना चौपट ठेका लावतो. पंजाबात जालंधरची गिन्नी माही हेच पंजाबी पॉपमध्ये करते. पण नाचणाऱ्याला विचारावे: कडवी पाठ असतात, नावे आणि प्रसंग माहीत असतात, आणि ज्या ओळीवर हात वर जातो ती ओळ नेमकी कोणती असते हे ठरलेले असते. इथे नाच पुन्हा लावणीसारखा शब्दांवरचे भाष्य झालेला आहे, फक्त भाष्य करणारी एक नर्तकी नाही, हजारो लोक आहेत. जगातल्या नाचाच्या संगीतात अर्थ आणि ठेका यांचे इतके घट्ट लग्न फार थोड्या ठिकाणी लागले आहे. मराठी समीक्षेने त्याकडे पाठ फिरवावी ही खेदाची गोष्ट आहे, आणि या संग्रहातला मोठा भाग त्यासाठी राखला आहे तो याच कारणाने.

म्हणून पुढच्या लेखांत 'अर्थपूर्ण गाणी' आणि 'अर्थहीन गाणी' अशा दोन टोपल्या केलेल्या नाहीत. प्रत्येक गाण्याला विचारलेला प्रश्न एकच आहे: हा शब्द इथे काय काम करतो आहे? काही ठिकाणी उत्तर 'नुसती टाळी देतो' असे आले आणि ते काम त्याने चोख केले असेल तर त्याचे कौतुकच केले आहे. काही ठिकाणी शब्द काहीच करत नाही, ना टाळी देतो ना आठवणीत राहतो, केवळ जागा भरतो. आज डीजेसाठी घाईघाईने बनणाऱ्या मराठी गाण्यांत असे शब्द पुष्कळ आहेत, बाईच्या अंगावरून ओघळणारे आणि दुसऱ्या दिवशी विसरले जाणारे. त्यांची गय केलेली नाही.

एक गोष्ट मात्र अर्थाच्या वादापलीकडची आहे. नाचाच्या गाण्याचा गायक कळतो, नट कळतो, डीजेचेही नाव फलकावर असते. शब्द कोणाचे, हे विचारले जात नाही. २०१२ मध्ये भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कोणत्याही कराराने काढून घेता येणार नाही, असे ठरले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. कायद्याने शब्दांना किंमत दिली. मांडवाने अजून दिलेली नाही. या पानांत प्रत्येक गाण्याबरोबर त्याच्या गीतकाराचे नाव आधी छापले आहे, मग संगीतकाराचे, मग गायकाचे. वाचकांनी एवढे करावे: पुढच्या हळदीत किंवा जयंतीत जे गाणे अंगात शिरेल, ते कोणी लिहिले एवढे घरी आल्यावर शोधावे आणि ते नाव शेजारच्याला सांगावे.